तिकिटांचा मोर

"काका, तुमची बायको या तिकिटांपायीच तुम्हांला सोडून गेली ना?"

विचारलं एकदाचं! पोस्टाच्या पायरीवर रंभा आणि बाकीच्या भवान्या वेण्यांची टोकं तोंडात कोंबून उभ्या होत्या. पैज चिंचेच्या गोळ्यांची होती, पण गोळ्यांसाठी कोण विचारतंय? गॅदरिंगमध्ये भाषणात पहिली आल्यापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली आहे. आई म्हणते, कुंदीच्या तोंडाचं कुलूप स्टेजवरच हरवलं.

मीरासाहेब आमच्या कंपनी कॉलनीच्या पोस्टात शिक्के मारतात. ठक पॅडवर, ठप तिकिटावर. त्यांचा शिक्का इतका स्वच्छ उमटतो की पिंपरीचं नाव आणि तारीख आजोबासुद्धा चष्म्याशिवाय वाचतील. वेस्ट इंडीजची जुनी तिकिटं जमवणारा येडा म्हणून सगळी कॉलनी त्यांना ओळखते.

त्यांचा हात थांबला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "पावसाळ्याचे दिस. लाकडं वली. चूल पेटंना म्हणून तिनं माझी दोन पाकिटं चुलीत घातली. म्या बोलायचं बंद केलं. शिवी न्हाई, मार न्हाई. नुसता बोललो न्हाई. रमजान आला, गेला, ईद झाली. मग ती मिरजेला माहेरी गेली, ती गेलीच."

"आणि तुम्ही आणायला गेला नाहीत?" हे पैजेत नव्हतं.

"पाकिटं परत आली असती तर गेलो असतो."

ठक. ठप.

बाहेर आल्यावर रंभा पोट धरधरून हसली. मीही हसले. पण माझं हसू जरा मागे राहून आलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. आदल्या दिवशी विचारलं ते कमी होतं की काय, म्हणून आणखी विचारलं, "दाखवा ना मला ती पाकिटं."

त्यांनी खोलीवर नेऊन पत्र्याची ट्रंक उघडली. मला वाटलं होतं रंगीबेरंगी तिकिटांची वही असेल. आत होती नुसती पाकिटं, पिवळी पडलेली, आणि प्रत्येकावर त्यांचंच नाव. मीरासाहेब, पुणे. साहेबाच्या राज्यात ते पुण्याच्या मोठ्या पोस्टात होते. तरणेपणी एकदा मनात आलं, आपण हितं ठोकतो तसा दुनियेत आणखी कोणकोण ठोकत असंल? मग हेडक्लार्काकडून इंग्रजीत मजकूर लिहून घेतला, 'मेहेरबान पोस्टमास्तर साहेब, आपल्या गावचा एक शिक्का नीट मारून धाडा', आणि साहेबाचं राज्य होतं तिथं तिथं धाडला.

"आफ्रिकेनं जवाब दिला न्हाई, हाँगकाँगनं दिला न्हाई. ह्या बारक्या बेटांनी दिला. मग आपण बी त्यास्नीच लिहीत राहिलो."

"हे तिकीट किती छान आहे! राजाचं आहे ना?"

"राजाचं थोबाड सगळीकडं येकच. शिक्का बघ, पोरी." काळ्या गोलावर त्यांनी बोट ठेवलं नाही, वरच्या वर धरलं. "हा बार्बाडोसवाला. सरळ मारतो, पलटनीत होता जणू. हा ग्रेनेडाचा, खेड्यातला. कायम डावीकडं कलतो. डावखुरा असंल, न्हाईतर दमलेला."

"तुम्ही भेटलात त्यांना?"

"भेटायचं कशाला? हात वळखतो की."

मला तर वेडच लागलं! महिला मंडळाचं छंद-प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि आई मंडळाची सेक्रेटरी. मी त्यांच्या इतकी मागे लागले, इतकी लागले, की शेवटी ट्रंकेतली सगळी पाकिटं त्यांनी जुन्या धोतरात बांधून माझ्याकडे दिली.

"मांडताना शिक्के वर दिसू दे," एवढंच म्हणाले.

मी घरी येऊन आईला बजावून सांगितलं. आई म्हणाली, "तू अभ्यास कर. मांडायचं मी बघते. तुझ्याच नावानं लावू."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेतून आले तर बंब धडधडून पेटलेला. आई भलती खुशीत. म्हणाली, "कढत पाणी आहे, केस धुऊन घे. उद्या स्टेजवर जायचंय तुला." टेबलावर चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं, हात लावू दिला नाही. मी मस्त न्हाले. शिकेकाईचा वास रात्रभर उशीला येत होता.

मीरासाहेब ईदचा पांढरा कुर्ता घालून हॉलमध्ये आले. मी त्यांचा हात धरून ओढतच टेबलापाशी नेलं, आणि त्याच वेळी पाहुण्याबाईंनी चादर काढली.

मोर होता. काळ्या मखमलीवर तिकिटांचा मोर! पिसाऱ्यात हिरवी आणि निळी तिकिटं, तुऱ्याला लाल. एकेक तिकीट पाण्यात सोडवून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसून, इस्त्री फिरवून, खळीनं चिकटवलेलं. काळा ठिपका म्हणून कुठे राहिला नव्हता. खाली पाटी होती: 'टाकाऊतून टिकाऊ. कु. कुंदा ज्ञानदेव वाघमारे. प्रथम क्रमांक.'

टाळ्या वाजल्या.

मीरासाहेब वाकून बघत होते. जरा डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. मला वाटतं ते ग्रेनेडाचं शोधत होते.

"पाकिटं?" त्यांनी विचारलं.

"अहो, किती कळकट होती ती!" आई म्हणाली. "आणि तिकिटांवर सगळे काळे डाग. दोन दिवस कंबर मोडली माझी, पण रंग बघा कसे खुललेत! पाकिटं बंबात घातली. काल हिचं न्हाणं झालं त्याच्यावर."

त्यांनी माझ्या केसांकडे बघितलं.

मग आईकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माझ्या बायकोनं दोनच जाळली होती, बाई."

आणि गेले. कुर्त्याची मागची घडी मोडलीसुद्धा नव्हती.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं. "बायको आहे त्यांना?" कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्याबाईंनी मला स्टीलचा डबा दिला, आणि तो घेताना आमचा फोटो काढला.

घरी मी रडले, ओरडले, डबा आपटला. बाबा शांतपणे म्हणाले, "एक तरी तिकीट हरवलंय का? सगळी आहेत ना? मग? आणि पाकिटंच हवीत तर आमच्या ऑफिसात ढीग पडलाय. कोरी करकरीत. सोमवारी देतो पाठवून."

खरंच पाठवली त्यांनी. गठ्ठा.

सोमवारी मी पोस्टात गेले. तो गठ्ठा दोरीसकट टेबलाखाली पडलेला. ठक, ठप चालू होतं, पण शिक्का कसाही पडत होता. तिकिटावरच्या कोणाच्याही तोंडावर नुसता काळा लपका. गाव वाचता येत नव्हतं, तारीखही नाही.

"काका," मी म्हणाले.

ठक. ठप.

"काका, मी नाही केलं ते. मला माहीत नव्हतं हो. काका, शिवी द्या ना एक."

त्यांनी पुढचं पत्र घेतलं. शिवी नाही, राग नाही. त्यांच्या लेखी मी काउंटरच्या लाकडासारखी तिथे होते. खिडकी बंद व्हायची वेळ झाली तेव्हा त्यांनी ती माझ्या समोर, हळूच, बोट चेमटणार नाही इतपत सांभाळून बंद केली.

पायरीवर रंभा होती. "काय गं, आज काय विचारलंस?" म्हणाली. तिला मी काहीच सांगितलं नाही, आणि तेव्हा कळलं की हे जमतं. सोपं आहे. फक्त तोंड मिटून चालत राहायचं.

घरी बाबा स्टुलावर उभे राहून भिंतीत खिळा ठोकत होते. मोराला काच बसून आली होती. आई लांबून बघत म्हणत होती, "थोडं डावीकडे घ्या. पाहुणे आले की आधी दिसलं पाहिजे."

मी दप्तर खाली ठेवलं.

"आई, बाबा, एक सांगायचंय."

"बोल की. तुला कधीपासून परवानगी लागायला लागली?" आई हसली.

"हा मोर या भिंतीवर आहे तोवर मी या घरात बोलणार नाही. रुसणार नाही, रडणार नाही. वाढाल ते जेवीन, सांगाल ते काम करीन. आई, तू हसतेयस, हस. पण ईद झाली तरी मी बोलणार नाही, दिवाळी झाली तरी नाही. कसं करतात ते मला माहीत झालंय. आता ठोका खिळा."