आब्नेरचा डावा गुडघा

बेटाच्या किनाऱ्यावरच्या पुन्ता सेइबा गावात बास्केटबॉलमधलं आपल्याला कळत नाही असं कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सामना असला की पाद्री प्रवचन आटोपतं घेतो. दातांचा डॉक्टर तर रोग्याच्या तोंडात हत्यार घालून ठेवतो आणि पेस्कादोरेसच्या बचावाचं काय चुकतंय ते त्याला सविस्तर ऐकवतो. रोग्याला उलट बोलता येत नाही, हे त्याला सोयीचं पडतं.

पेस्कादोरेस हा गावाचा संघ. गेल्या हंगामात त्यानं हरण्याची अशी काही कमाल केली, की नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला चौथा नंबर मिळाला. जो संघ जास्त हरतो त्याला पोरं आधी निवडायला मिळतात, असा लीगचा नियम आहे. त्यामुळे हरल्याचं दुःख लोक पंधरा दिवसांत विसरले आणि चौथ्या नंबरला कुणाला उचलायचं यावरून भांडायला लागले.

या भांडणाचीही एक रीत होती. निवडीच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी सगळे चेलोच्या बेकरीत जमायचे. चेलो पावाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून भिंतीवर लावायचा, त्यावर पोरांची नावं लिहायचा, आणि वाद घालून झाला की ज्यानं त्यानं आपल्या पोराच्या नावापुढं एक रेघ मारायची. संघाचा मालक ओस्वाल्दो कोपऱ्यात कॉफी घेऊन उभा असायचा. तो एक शब्द बोलायचा नाही. पण गेल्या सहा वर्षांत चार वेळा त्यानं पुठ्ठ्यावरचंच नाव उचललं होतं. माणूस हिशेबी. लोकांचं ऐकलं की तिकिटं खपतात, आणि पोरगा फुसका निघाला तर लोकांना स्वतःलाच शिव्या द्याव्या लागतात.

या बेकरीत पुरुषांच्या बरोबरीनं बोलणारी बाई एकच, दोन्या नेरेइदा. दोन्या म्हणजे बाई, मानानं म्हणायचं. वय सत्तावन्न. गावच्या मैदानावर पोरांच्या सामन्यांचे गुण बावीस वर्षं तिनं लिहिले होते. कुठल्या पोरानं आठव्या वर्षी पहिली बास्केट कुठल्या हातानं केली, ते तिला तोंडपाठ. शिवाय तिच्या हाताला गुण होता. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा खांदा आखडला, की आधी नेरेइदाच्या ओसरीवर जायचं, मग दवाखान्यात. ती गरम तेल लावून चोळायची आणि बरं वाटायचं. तेल चोळताना लोक बोलतात. कुणाचं काय दुखतंय, कुठं दुखतंय, हे तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडत नाही अशी तिची ख्याती होती.

शेजारच्या घरात सोराइदा राहायची. तिचा मुलगा आब्नेर एकवीस वर्षांचा, लांबून नेम धरणारा. असा नेमबाज गावानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नाताळाच्या आधी त्याच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी चिरलं. राजधानीतल्या डॉक्टरनं सांगितलं, चीर बारीक आहे, कापाकापी नको, तीन महिने जपा. माय-लेकानं ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. पण सोराइदा दर मंगळवारी त्याला मागच्या परसातून नेरेइदाकडे आणायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "नेरे, हे आपल्या तिघांत राहू दे गं. निवड होईपर्यंत तरी."

"मी कशाला कुणाला सांगतेय," नेरेइदा म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. तीन महिने तिनं अवाक्षर काढलं नाही. सूज उतरली, वाटीखालचा कडकपणा गेला, गुडघा तिच्या बोटांखाली लोण्यासारखा वळायला लागला. आता धाव, म्हणून तिनंच त्याला सांगितलं.

त्या शनिवारी बेकरीत वाद दोनच नावांवर आला. एक आब्नेर. दुसरा डेरिक माल्दोनादो, न्यूयॉर्कात वाढलेला, सहा फूट नऊ इंच, आजी याच किनाऱ्यावरची म्हणून आपला, पण स्पॅनिश बोलायला लागला की जीभ दातांत अडकणारा. आब्नेरच्या बाजूनं एफ्राइन होता. हा निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं दारोदार पत्रं टाकून त्याला असं वाटायला लागलं होतं, की गावातलं प्रत्येक मत त्याच्याच पिशवीतून जायला हवं.

नेरेइदा डेरिकच्या बाजूनं होती, आणि त्यात काही काळंबेरं नव्हतं. संघाला उंच माणूस हवा होता, बास्केटखालचे परतलेले चेंडू सगळे समोरचेच नेत होते. आब्नेरला तर पहिल्या फेरीत दुसरं कुणीही उचलेल, आणि संघ बेटावरच्या कुठल्याही गावचा असला तरी पोरगा दीड तासात घरी येईल, असं तिचं गणित. ते तिनं नीट समजावून सांगितलं. पण समजावून सांगणाऱ्याचं बेकरीत कोण ऐकतं? एफ्राइननं सरळ तिची टोपी उडवायला घेतली. म्हणाला, दोन्या नेरेइदा शेजारणीकडं जेवतात आणि ढेकर न्यूयॉर्कच्या नावानं देतात. लोक हसले. मग म्हणाला, गुण लिहिणं वेगळं आणि खेळ कळणं वेगळं, उद्या चेलोचा गल्ला मोजणारी मुलगी पाव भाजायला बसेल. लोक आणखी हसले. चेलोही हसला, आणि ते तिला जास्त लागलं.

बावीस वर्षं ऊन खात ती त्या टेबलाशी बसली होती. तिचे कान तापले.

"बरं, राहू दे ते," एफ्राइन बोटं पुसत म्हणाला. "एक कारण सांगा, आब्नेरला का नाही घ्यायचा. एकच. नाहीतर ती रेघ आमच्याकडं मारा आणि मोकळ्या व्हा."

"त्याच्या डाव्या गुडघ्यात चीर आहे," नेरेइदा म्हणाली. "तीन महिने तो गुडघा माझ्या हाताखाली आहे. मला नका शिकवू."

चेलोचा पाव कापायचा हात थांबला. सगळे तिच्याकडं बघत होते, एफ्राइनसुद्धा, आणि त्याचं तोंड उघडं होतं. पुढं तिला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच, की त्या क्षणी तिला गोड वाटलं होतं. जिंकल्याचं ते सुख नीट गिळून होईपर्यंत आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नाही. आलं तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली, की आता बरा आहे, धावतो, उड्या मारतो. पण तोवर लोक पुठ्ठ्याकडं वळले होते. डेरिकच्या नावापुढं रेघा वाढत होत्या. ओस्वाल्दोनं अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि फोन कानाला लावून तो बाहेर पडला.

सोमवारी रेडिओवरचा खेळवाला म्हणाला, पुन्ता सेइबाच्या एका नेमबाजाच्या गुडघ्याबद्दल कुजबुज आहे, नाव घेत नाही. गावात पंचवीस नेमबाज असते तर गोष्ट वेगळी होती. नेरेइदानं रेडिओ बंद केला आणि पुन्हा लावला, आपण चुकीचं ऐकलं असेल म्हणून.

मंगळवारी ती ओस्वाल्दोच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. गुडघा अगदी ठणठणीत आहे, हवं तर डॉक्टरला विचारा, मी मूर्खासारखी बोलले, असं सगळं तिनं त्याला सांगितलं. तो खिळे तोलत होता. त्यानं तिला बसायला स्टूल दिलं, अदबीनं ऐकून घेतलं.

"शनिवारी तुम्ही म्हणालात चीर आहे, आज म्हणताय नाही," तो म्हणाला. "मी कुठल्या दोन्या नेरेइदाचं ऐकू? आणि माझं सोडा. दुसऱ्या संघांचे फोन येतायत. पोराला त्याचं स्वतःचं गाव का घेत नाही, म्हणून विचारतायत. काय सांगू त्यांना?"

ती स्टुलावरून उठली. खरं सांगायला आता एकच जागा उरली होती, ती म्हणजे कुंपणापलीकडचं घर. ती दोनदा कुंपणापर्यंत गेली. पहिल्यांदा सोराइदा चादरी वाळत घालत होती आणि गाणं गुणगुणत होती. दुसऱ्यांदा आब्नेर अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होता, आणि दोन्ही वेळा नेरेइदा कोंबड्यांना दाणे टाकायला आल्यासारखं करून परत फिरली. गुरुवारी सोराइदानंच हाक मारली.

"रविवारी आमच्याकडं ये हं टीव्हीवर निवड बघायला. जेवायलाच ये. तू नसशील तर कसं?"

पोन्सला बहिणीकडं जायचं आहे, असं नेरेइदाच्या ओठांवर आलं होतं. पण न जाण्यानं आपण उघडे पडू, या भीतीनं ती हो म्हणाली. यात सोराइदाचा विचार कुठंच नव्हता, हे तिला तेव्हाही कळत होतं.

रविवारी घरात वीसेक माणसं होती. भाचे, मावश्या, चर्चमधल्या बायका. आब्नेरनं नवा पांढरा सदरा घातला होता आणि त्याची घडी अजून मोडली नव्हती. सोराइदानं नेरेइदाला टीव्हीसमोरची गादीची खुर्ची दिली, ती नको म्हणत असताना दिली. ताट वाढून आणलं. तुरीच्या दाण्यांचा भात, भाजलेलं डुकराचं मांस, आणि वर कुरकुरीत कातडीचा मोठा तुकडा. तो तुकडा घरात एकालाच मिळतो. ताट तसंच ठेवलं तर कुणीतरी विचारील म्हणून नेरेइदा जेवली. कातडीसुद्धा खाल्ली. सगळ्यांना ती चावल्याचा आवाज ऐकू येतोय असं तिला वाटत राहिलं.

चौथ्या नंबरला पेस्कादोरेसनं डेरिक माल्दोनादोचं नाव घेतलं. बाहेर चौकात गाड्यांचे भोंगे वाजले. घरातलं कुणीतरी म्हणालं, बरंच झालं, मोठ्या संघात जाईल आपला. पहिली फेरी संपली. दुसरीत एका पोराचं नाव आलं, त्याच्याविरुद्ध आब्नेरनं एकतीस गुण केले होते. ते नेरेइदानं स्वतः लिहिले होते. आब्नेर टाळी वाजवून म्हणाला, चांगला मुलगा आहे. तिसऱ्या फेरीत चर्चमधल्या बायकांना घरची कामं आठवली. चौथ्या फेरीत एक मावशी स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरायला लागली. आब्नेर जमिनीवर बसला होता, डावा पाय लांब करून. प्रत्येक नावाच्या आधी त्याची पाठ ताठ व्हायची आणि नाव झालं की हळूच सैल पडायची. नेरेइदाची खुर्ची त्याच्या पाठीमागंच होती. तिला दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

शेवटचं नाव कुठल्याशा राखीव पोराचं होतं, ते घोषणा करणाऱ्यालाही धड उच्चारता आलं नाही. मग पडद्यावर गाडीच्या टायरांची जाहिरात लागली. आब्नेरनं टीव्ही बंद केला, उठला, आणि कॉफी कोणाकोणाला हवी म्हणून विचारलं. नेरेइदाचा कप त्यानं स्वतः आणून दिला.

"दोनच चमचे साखर ना, तीती?"

लहानपणापासून तो तिला तीती म्हणायचा, मावशी म्हणतात तसं. ती हो म्हणाली. कॉफी तिनं उभ्यानंच संपवली आणि स्वयंपाकघरात गेली. मावशी परसात गेली होती. सोराइदा एकटीच ताटं घासत होती. नेरेइदानं फडकं उचललं आणि पुसायला लागली. दोन ताटं पुसून झाली. तिसरं हातात असताना ती बोलली, कारण चौथ्याला आपल्याच्यानं बोलवणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"सोराइदा, गुडघ्याचं मी बोलले. बेकरीत. एफ्राइन हसत होता म्हणून बोलले. दुसरं काही कारण नव्हतं."

सोराइदाचे हात पाण्यात चालतच राहिले.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शनिवारीच. तू घरी पोचायच्या आधी चेलोची बायको सांगून गेली."

म्हणजे चादरी वाळत घालताना माहीत होतं. गुरुवारी हाक मारली तेव्हाही माहीत होतं. नेरेइदानं तिसरं ताट ओट्यावर ठेवलं.

"मग मला बोलावलंस कशाला?"

सोराइदानं नळ बंद केला. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"आब्नेर म्हणत होता, नको बोलावू, तीतीला तोंड दाखवायला होणार नाही, लाजेनं मरेल बिचारी. मी म्हटलं, तू बघ, येईल ती. येईल, खुर्चीत बसेल, आणि जेवेलसुद्धा."

तिनं नेरेइदाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि पुसून झालेली तिन्ही ताटं पुन्हा पाण्यात घातली.

बाहेर जायची वाट पुढच्या खोलीतूनच होती. आब्नेर तिथं खुर्च्या उचलून भिंतीशी लावत होता. नेरेइदाला येताना पाहून त्यानं वाटेतली एक खुर्ची बाजूला केली आणि ती जाईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला, जणू चूक त्याचीच होती.