विळ्याखालचा सुपेर्निक

प्रिपयात नदीकाठच्या त्या गावात शत्रू फुकट मिळायचा. शेजाऱ्याच्या बोकडानं तुमची कोबी खाल्ली की झाला शत्रू! सुपेर्निक मात्र कमवावा लागे. तुमच्या तोडीचा, तुमच्याशी चुरशीनं भिडणारा, म्हणून तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहू शकणारा, तो सुपेर्निक. म्हाताऱ्या आपानासकडे असा एकच होता, लावोन.

दोघं लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापण्यात पटाईत. आपानास कापायला लागला की करकोचे वादळ आलं समजून घरटी सोडत, आणि बेडकं नदीपलीकडे जाऊन लग्नं लावत. यात खोटं असलं तर बेडकांना विचारा.

कापणीच्या आदल्या दिवशी मात्र रिवाज पाळायचाच. आपल्या पात्याला आपण हात लावायचा नाही. सुपेर्निकचं पातं आपण ऐरणीवर ठोकून धारेला आणायचं, आपलं त्यानं. आपानासची बायको उल्याना काही वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून तो वर्षभर चुलीशी गप्प बसून असे. हातोडीचा आवाज आला की तेवढा हसे.

यंदाही आपानासच जिंकला. लावोन अर्धं कुरण मागे! लावोननं रिवाजाप्रमाणे त्याच्या दांड्याला गवतफुलांचा गजरा बांधला, आणि सगळ्यांनी पावापासून आंबवलेला क्वास प्यायला.

संध्याकाळी लावोनचा निसणा, म्हणजे धारेचा दगड, आपल्या पिशवीत आला म्हणून आपानास तो परत द्यायला त्याच्या कोठारात गेला. भिंतीवर पातं लटकत होतं. आपानासनं काल ठोकलेलं. आपल्या हातोडीच्या खुणा त्याला डोळे मिटूनही ओळखू आल्या असत्या. पात्यावर गवताच्या रसाचा एक थेंब नव्हता.

"लावोन, तू आज कशानं कापलंस रे?"

लावोननं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं गंजलेलं, बोथट पातं पडलं होतं.

"दरवर्षी?"

"उल्याना गेल्यापासून," लावोन पुटपुटला. "तू जिंकलास की चार दिवस जेवतोस तरी. मी हरलो तर माझं काय जातं?"

"माझं जातं, गाढवा! मी काल रात्रभर तुझ्या पात्याला धार लावली. नखावर ठेवली तर नख कापेल अशी. आणि तू ते पातं भिंतीला टांगलंस? मी कुणाशी लढलो मग? गंजाशी?"

"आपानास, मी दया—"

"दया भिकाऱ्याला दे. मला सुपेर्निक हवा होता."

आपानासनं खांद्यावरच्या आपल्या विळ्याच्या दांड्यावरून गजरा सोडला आणि त्या चकचकीत पात्यावर टांगला. मग पाठ फिरवून चालू लागला.

पुढच्या वर्षी कापणीच्या आदल्या दिवशी लावोन पातं घेऊन त्याच्या दारात आला, नेहमीसारखा. आपानासनं ते हातातही घेतलं नाही.

"लोहाराकडे ने. पैसे घेईल, पण खोटं नाही बोलणार."

"निदान शत्रू तरी म्हण मला!" लावोन रडकुंडीला आला.

"शत्रू?" आपानासनं दार लोटता लोटता म्हटलं. "शत्रू म्हणजे त्या शेजारच्या झाखारचा बोकड. माझी कोबी खाल्ली त्यानं, पण खरी भूक लागली म्हणून."

आतून हातोडीचा आवाज येऊ लागला. तो स्वतःचंच पातं ठोकत होता.