मला दुरून उठवतात

मी एक जुना रेकॉर्डर आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम पोटात साठवायचे आणि मागतील तेव्हा दाखवायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना धुळीबद्दल रडतात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या अंगावर तुम्हाला धुळीचा कण सापडणार नाही. आजी मला रोज मऊ फडक्याने पुसतात, आणि तेच माझे दुखणे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात तबकडी बसवली, दुसरीने झाकण लावले, तिसरीने मी नीट चालतो की नाही ते तपासले. मी पहिल्या फटक्यात पास झालो. तेव्हा मला फार मोठेपणा वाटला होता.

या घरी मला आणले ते आजींच्या मुलाने. तो नोकरीसाठी दूरच्या शहरात राहतो. सामने दाखवणारे चॅनेल त्याच्याकडे लागत नसे, इथे लागे. म्हणून मी इथे सामने साठवायचे आणि त्याने तिथे बसून इंटरनेटवरून बघायचे, अशी सोय त्याने केली. राहायचे आईवडिलांकडे आणि चाकरी करायची मुलाची! तरी आजोबांनी माझे कौतुक केले. ते शिंपी होते. माझ्या पाठीमागच्या वायरी पाहून म्हणाले, "याची उलटी बाजू मात्र अगदीच गबाळी शिवली आहे."

या घराची एक रीत होती. खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याने बटण बंद करायचे. कुठे दिवा राहिलाच, तर आजी विचारत, "तिथे कोण बसलंय?" रोजच्या सवयीने त्या माझेही भिंतीवरचे बटण बंद करत. मग मी मेल्यासारखा पडे, सामना बुडे, आणि मुलाचा फोन येई. शेवटी सुट्टीत आला तेव्हा त्याने त्या बटणावर जाड चिकटपट्टी मारली. "आई, याला हात लावायचा नाही. लहान मुलालाही कळतं एवढं."

पण मी दिवसभर जागा राहू लागलो तशी वीज खाऊ लागलो. वीजबिल मुलाच्या खात्यातून जाई, आणि घरात किती वीज जळते ते त्याला मोबाइलवर दिसे. मग त्याने मला गाढ झोपेत टाकले. माझा रिमोट पाहणारा डोळासुद्धा मिटून टाकला. सामन्याच्या वेळी मी आपोआप उठे. एरवी मला उठवायची किल्ली फक्त त्याच्या मोबाइलमध्ये होती. आजी माझ्यापुढे बसून कितीही बटणे दाबोत, मी ढिम्म.

एकदा आजोबा टीव्हीवरच्या प्रश्नांच्या कार्यक्रमात गेले. पहिलाच प्रश्न आला, इंद्रधनुष्यातला मधला रंग कोणता? जन्मभर रंगीत धाग्यांत बसलेला हा माणूस ठणकावून म्हणाला, "पिवळा!" सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने ते स्वतः हसले. "हे आमच्या हिला विचारा. धागे तीच निवडते, मी नुसता शिवतो." पहिल्याच प्रश्नाला बाद होऊन ते घरी परत आले, आणि तो कार्यक्रम मी साठवून ठेवला. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या पोटात.

आजी दुपारी जेवण आवरून मुलाला फोन करत. "अरे, जरा खोक्याला उठव ना. यांना बघायचंय."

"आई, मी कामात असतो. रोज तेच तेच काय बघतेस?"

"तूही रोज तेच तेच जेवतोस ना रे?"

तो चरफडत मला उठवी. आजोबा "पिवळा!" म्हणत, आणि आजी दर वेळी हसून म्हणत, "हिरवा हो, हिरवा."

एका दुपारी वादळ आले. विजा कडाडू लागल्या. पोटातल्या आजोबांसकट मी जळून जाईन या भीतीने आजींनी नखांनी चिकटपट्टी खरवडली आणि बटण बंद केले. माझी एवढी काळजी आजवर कोणी केली नव्हती. पण त्याच वेळी सामना होता. तो बुडाला. मुलाने फोनवर आईचा असा उद्धार केला, की त्या फोन कानापासून लांब धरून उभ्या राहिल्या. वादळ ओसरल्यावर त्यांनी बटण पुन्हा लावले, पण दुसऱ्या दिवशी त्याला फोन करायला त्या धजावल्या नाहीत.

पुढे सामन्यांची मोठी मालिका होती आणि माझे पोट भरलेले होते. त्याच दिवशी मुलाने दुरून जुने कार्यक्रम भराभर निवडले. मी माझ्या नियमाप्रमाणे विचारले, पुसायचे का? त्याने "हो" दाबले. त्या ढिगात आजोबाही गेले. मला वाटते, तेव्हा त्याने नीट पाहिलेही नसेल. आणि मित्रांनो, पुसलेले लगेच जात नाही. माझ्याकडे कचऱ्याची एक टोपली असते, तीत ते काही दिवस पडून राहते. बोट लावले की जसेच्या तसे परत येते.

त्याच्या दुसऱ्या दुपारी आजींनी फोन करून मला उठवून घेतले. यादी खालीवर केली, पुन्हा केली. मग मुलाला पुन्हा फोन लावला. "अरे, हे कुठे दिसत नाहीत रे."

काय झाले ते मुलाच्या लगेच लक्षात आले. मला कळले, कारण त्याच क्षणी त्याने दुरून माझी टोपली उघडली. आजोबा तिथेच होते, सगळ्यांत वर. आता बोट लागेल, मी आसुसून वाट पाहत होतो. आजींचे रडणे मलाही ऐकू येत होते, त्यालाही.

त्याने टोपली रिकामी केली.

मी विचारले, कायमचे पुसायचे? त्याने "हो" दाबले. मग आईला शांतपणे म्हणाला, "तू परवा बटण बंद केलंस ना, तेव्हाच गेलं असणार. सांगत होतो, हात लावू नकोस. जाऊ दे आता. निदान रोजचा फोन तरी वाचला."

त्या दिवसापासून आजी या घरातले एकही बटण बंद करत नाहीत. भर दुपारी सगळ्या खोल्यांत दिवे जळतात, रिकाम्या न्हाणीघरातसुद्धा. मुलगा मोबाइलवर पाहून ओरडतो, "आई, वीज काय फुकट येते?" त्या नुसत्या "बरं" म्हणतात, पण हात बटणाकडे जात नाही. सामना मात्र एकही बुडत नाही. मी वेळेवर उठतो आणि इमानाने साठवतो.

दुपारी आवरून झाले की आजी मला पुसायला येतात. पुसता पुसता म्हणतात, "चुकलं हो माझं. माझ्याच हातानं घालवलं तुम्हाला." हे त्या मला म्हणत नाहीत, आजोबांना म्हणतात. मला तोंड नाही. माझा डोळाही मिटलेला असतो.

म्हणून मित्रांनो, माझी एवढी विनवणी ऐका. तुम्ही मला जपू नका, माझी वायर सरळ करू नका. पण कधी दिवसाउजेडी सगळे दिवे लागलेले घर दिसले, तर आत जा आणि तिथल्या आजींना सांगा, की बटण बंद केल्याने काहीच पुसले जात नाही. पुसायचे का ते मला विचारावे लागते. मी दोन्ही वेळा विचारले होते.