दोन पेट्यांमधला कागद

आरे कॉलनीत आमच्या खोलीमागे जांभळाखाली मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. एक आमच्या ह्यांच्या हातची, सातेरी माश्यांची. हे गेले, माश्या राहिल्या. दुसरी माझ्या सुनेनं, अक्षतानं, मुलुंडहून माहेरची आणलेली. यंदाच्या पावसानं दोन्हींची वाट लावली. मूठमूठ माश्या उरल्या आणि पोळ्यांत अळीनं जाळं धरलं. एकत्र केल्या नसत्या तर दोन्ही जाणार होत्या.

पण एका पेटीत राणी एकच. अक्षताचं म्हणणं, तुमची म्हातारी झाली, अंडी विरळ घालते, तिलाच काढू. मी म्हटलं, "माझ्या अंगणात माझीच राणी नांदणार. तुझी तू मार, माझ्यासमोर."

तिनं वाद घातला नाही. भांडणारी सून परवडते, गप्प बसणारीची भीती वाटते. तिनं चौकट उचलली, एक काळी माशी चिमटीत धरली, माझ्यादेखत चिरडली आणि बोटं ओढणीला पुसली. मी नीट बघितल्यासारखं केलं. चष्मा घरात होता. तिच्यापुढे आणायला कोण जातो?

मग म्हणाली, निदान तुमची राणी थोडे दिवस जाळीच्या पिंजऱ्यात ठेवू, परक्या माश्यांना तिचा वास सवयीचा होऊ दे. मी साफ नाही म्हटलं. राणीला काय कोंडतात?

तिन्हीसांजेला माश्या परतल्यावर तिनं माझ्या पेटीवर वर्तमानपत्राचा कागद अंथरला, टाचणीनं भोकं पाडली आणि वर तिची पेटी चढवली. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत एकमेकींत येतात, तोवर वास एक होतो.

सकाळी पेटीच्या दाराशी कागदाचा भुगा पडला. माझा मुलगा सुयोग खूश, जमलं म्हणाला. मी पेटीला कान लावला. आत माश्या आजाऱ्यासारख्या कण्हत होत्या.

मग दारापुढच्या फळीवर सुपारीएवढा माश्यांचा गोळा दिसला. काडीनं फोडला. आत माझी राणी, परक्या माश्यांनी आवळून मारलेली, पंख झडलेली.

"पेटी बिनराणीची झाली," मी म्हटलं. "संपलं सगळं."

अक्षतानं ओढणीच्या गाठीतून काडेपेटी काढली. तिला भोकं पाडलेली. आत तिची राणी, सोबतीला दोन-चार माश्या, मधात मळलेली साखर चाटत जिवंत.

"मग काल चिरडलंस ते काय गं?"

"नर होता, आई. तुम्हाला दिसलं नसेल." राणीला पिंजऱ्यात सोडताना तिनं वर बघितलं नाही. "हिला मात्र कोंडूनच ठेवते. मग माश्या आपोआप मानतील."

दुपारपर्यंत कण्हणं थांबलं.

संध्याकाळी तिनं पहिलं ताट मला वाढलं. शेजारी माझा चष्मा, पुसून ठेवलेला.

"जेवा आई. पेटीकडे आता तुम्ही जाऊ नका."

मी सुयोगकडे बघितलं. तो मान खाली घालून जेवत होता. भिंतीपलीकडे पेटी एका सुरात गुणगुणत होती.

मी चष्मा चढवला आणि आधी वाटीतली आमटी नीट बघून घेतली.