नवव्या दिवसाचा कार्यक्रम

"अगं ए ताई! लिफ्ट बंद आहे का?"

धाकटीची हाक खालून आली तेव्हा नकाशेबाई चौथ्या मजल्याच्या अलीकडे कठड्याला धरून धापा टाकत होत्या. तोंडाने आकडे चालू होते. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. लिफ्ट चांगली ठणठणीत होती. पण दौऱ्याच्या पाचव्या दिवशी धाकटी आणि तिची मंडळी ज्या देवळात जाणार होती त्याला एकशे दहा पायऱ्या होत्या, आणि ऑफिसच्या जिन्याचे पाच मजले म्हणजे बरोबर एकशे दहा. साठीतलं माणूस कुठे दमेल, कुठे बसायला मागेल, हे स्वतः चढून बघितल्याशिवाय बाईंनी आजवर एकही दौरा आखला नव्हता.

प्रवास कंपनीतल्या त्या टेबलावर त्यांची सव्वीस वर्षं गेली. जगातले बाकीचे देश बाकीच्यांकडे, आणि तो एक देश, तीन-चार हजार वर्षांपूर्वीची देवळं, थडगी आणि नदीकाठच्या पडक्या राजधान्या असलेला, तो बाईंचा. कुठल्या खांबावर सकाळी किती वाजता ऊन येतं, कुठल्या बोटीतली कुठली खोली इंजिनाच्या डोक्यावर आहे, कुठल्या संग्रहालयाचा पहारेकरी गोड बोललं की दार अर्धा तास आधी उघडतो, सगळं तोंडपाठ. म्हणून तर ऑफिसने नाव ठेवलं होतं नकाशेबाई. गंमत एवढीच, की त्या देशात बाईंनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार?" असं साहेब दर वर्षी म्हणायचे, आणि बाईंना ते कौतुक वाटायचं. कौतुकाने पोट भरत नाही हे कळायला माणसाला अठ्ठावन्न वर्षं लागतात.

यंदा मात्र साहेबांनी आपण होऊन विषय काढला होता. "बाई, तुमच्या बहिणीचीच पार्टी आहे. मार्चमध्ये तुम्ही निवृत्त होणार. जा सोबतीला. पंधरा दिवस बघून या सगळं."

त्या दिवसापासून बाई नवे कॅनव्हासचे बूट घालून ऑफिसात फिरत होत्या. टाचेला फोड आले, पण बूट पायात मुरवायला नकोत का?

वर आल्यावर धाकटी खुर्चीत टेकली, तिचा नवरा खिडकीशी उभा राहिला. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हणून हा थाट. अकरा माणसं, फक्त त्यांच्यासाठी बोट, जेवणाच्या टेबलावर इतिहासाचा प्राध्यापक.

"बोटीवर पियानो आहे ना?" धाकटीने विचारलं. "आणि गर्दी नको हं. आणि धूळ."

"वाळवंट आहे गं ते. धूळ नको तर घरी बस."

नवरा हसला. धाकटी नाही हसली. "तू म्हणजे ना, ताई. आम्हाला असं काहीतरी दाखव, जे कोणीच बघितलेलं नाही. मैत्रिणी सगळीकडे जाऊन आल्यात."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. टेबलावर पसरलेल्या मोठ्या कागदावर चौदा रकाने आखलेले होते. त्यातल्या नवव्यावर त्यांनी बोट ठेवलं, आणि सव्वीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"इथे एक लहानसं थडगं आहे. राजाचं नाही, राजाच्या कोठारावरच्या कारकुनाचं. अठ्ठावीस पायऱ्या उतरून जायचं. आठ दिवस आधी पत्र पाठवलं तरच राखणदार कुलूप काढतो. आत भिंतीवर तो आहे, त्याची बायको आहे आणि खुर्चीखाली दोन मुली. एक बदक घेऊन ओढाओढी चाललीय." त्यांनी बहिणीकडे बघितलं. "आठवतं का? शाळेच्या पुस्तकात होतं. मोठी मी, छोटी तू."

"असेल बाई," धाकटी म्हणाली. "मला काय आठवणार? पुस्तकं तुझ्याकडेच असायची."

खरंच होतं ते. पुस्तकं ताईकडे, बाकी सगळं धाकटीकडे. कॉलेजातून त्या देशाची अभ्याससहल निघाली तेव्हा वीस मुलांच्या यादीत ताईचं नाव तिसरं होतं. आणि नेमकं त्याच पंधरवड्यात धाकटीचं लग्न ठरलं. वडील म्हणाले, "यंदा राहू दे. घरात एवढं कार्य, आणि मोठी मुलगी परदेशात? पुढच्या वर्षी जा." पुढच्या वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं, मग आईने. धाकटी भेटायला यायची, फळं घेऊन. आजारी माणसाच्या उशाशी फळं ठेवून जाणाऱ्याचं सगळ्यांना कौतुक असतं, रात्रंदिवस करणाऱ्याचं कोणाला नसतं. बाईंच्या पोटात तेव्हापासून दुखायचं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मनातल्या मनात त्या कबूलही करायच्या: जळते मी तिच्यावर. बरं मग?

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, पाणी पुढे केलं. पाणी पुढे केलं तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"तुमच्या बहिणीचा फोन होता. त्या म्हणतात... म्हणजे त्यांच्या मनात काही वाईट नाही. पण सोबतीला घरचं माणूस नको. तुम्ही सामान मोजणार, तिकिटं सांभाळणार आणि त्या मैत्रिणींबरोबर बसून जेवणार. त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणे."

"कोणाला अवघडल्यासारखं? मला की तिला?"

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "गिऱ्हाईक आहे, बाई. मी नव्या गाईडला पाठवतोय."

बाई जागेवर आल्या. डब्याची वेळ होती, ऑफिस रिकामं होतं. त्यांनी बूट काढून टेबलाखाली सरकवले, खोडरबर घेतलं आणि नववा रकाना घासून घासून पुसला. कारकून गेला, त्याची बायको गेली, दोन्ही मुली बदकासकट गेल्या. तिथे लिहिलं: 'बाजारात खरेदी.' मग हात शिवशिवायला लागला. धाकटीची खोली इंजिनाच्या वर टाकली. एकशे दहा पायऱ्यांचं देऊळ सकाळी सातचं भर दुपारी बाराला नेलं, दगड तव्यासारखा तापलेला असतो तेव्हा. घे म्हणावं, बघ काय बघायचं ते! फार दिवसांनी त्यांना जेवण गोड लागलं.

गोडी काही टिकली नाही. संध्याकाळी कागद गुंडाळताना त्यांची नजर त्या देवळावर पडली, आणि बारा वाजता तिथे धापा टाकणारी माणसं दिसायला लागली. त्यात धाकटीची एक गुडघे दुखणारी मैत्रीणही होती. आपल्या हातून असा फडतूस दौरा? मग तो वैऱ्याचा का असेना. चरफडत त्यांनी देऊळ सकाळी सातला आणलं. धाकटीची खोलीही बदलली, आणि तीही डाव्या अंगाची दिली, कारण काठावरची देवळं डाव्या हाताला येतात. नववा दिवस मात्र बाजारातच राहिला. एवढं तरी माझं मला राहू दे, असं त्या मोठ्याने म्हणाल्या.

आणि तिसऱ्याच दिवशी राखणदाराचा फोन आला.

या माणसाशी त्या एकोणीस वर्षं बोलत होत्या. त्या डोंगरातल्या मोठ्या थडग्यांची वेळ तोच ठरवायचा. दोघंही बोलायची ती भाषा दोघांनाही धड येत नव्हती, त्यामुळे खोटं बोलायची सोयच नव्हती. काम संपलं की बाई विचारायच्या, "आणि आपला कारकून कसा आहे?" तो म्हणायचा, "वाट बघतोय तुमची."

"तुमचं पत्र मिळालं," म्हातारा आज जवळजवळ ओरडत होता. "नऊ तारीख! परवानगीही मिळाली. मी आत नवा दिवा लावलाय. जिना झाडून घेतला. बसायला स्टूल आणलंय, तुम्हाला वेळ लागेल बघायला. माझंही हे शेवटचंच वर्ष. म्हटलं, बाई आल्याशिवाय किल्ली कोणाला द्यायची नाही."

ते पत्र बाईंनी हौसेने आधीच पोस्टात टाकलं होतं, हे त्या पार विसरल्या होत्या.

आता सांगायचं, मी येत नाही. एवढंच वाक्य. ते त्या भाषेत त्यांना चांगलं येत होतं.

"किती माणसं?" त्याने विचारलं.

"अकरा," बाई म्हणाल्या. पुढे जीभच रेटली नाही. "नीट दाखवा सगळ्यांना."

फोन ठेवून त्यांनी बाजार खोडला आणि कारकुनाला पुन्हा नवव्या दिवशी आणून बसवलं. धाकटीसाठी नव्हे. त्या स्टुलासाठी.

मंडळी गेली तेव्हा बाई त्यांच्याबरोबर गेल्यासारख्याच होत्या. सकाळी चहा पिताना म्हणायच्या, आता संग्रहालयात. अकराला म्हणायच्या, आता बोटीवर. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या तळघराच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या. तिथे जुन्या फायली आणि पाण्याची मोटर. थोडा वेळ उभ्या राहून वर आल्या.

परतल्यावर धाकटी ऑफिसात आली, उन्हाने रापलेली, हातात ताईसाठी दगडाचं बदक.

"मस्त झाला गं दौरा! कुठ्ठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. मैत्रिणींनी तर तोंडात बोटं घातली. म्हटलं, आखलाय कोणी!"

आयत्या बिळावर नागोबा, बाईंच्या मनात आलं. "आणि नवव्या दिवशी?"

धाकटीने पर्सची चेन उघडली, बंद केली. "ते ना... थडगीच थडगी गं, ताई. शेवटी शेवटी सगळी सारखीच दिसतात." आणि मग उगाचच, "तुझे बूट कुठे गेले? ते कॅनव्हासचे?"

"चावत होते," बाई म्हणाल्या.

धाकटी काहीतरी बोलेलसं वाटलं, पण खाली गाडी वाजली आणि ती गेली. बदकाच्या पोटावर किमतीची चिठ्ठी तशीच होती. बाईंनी ते कागदावर वजन म्हणून ठेवलं.

निवृत्तीला आठ दिवस राहिले तेव्हा फोन वाजला.

"बाई! आज किल्ली दिली मी नव्या माणसाला. म्हटलं, तुम्हाला सांगून घरी जावं." म्हाताऱ्याचा आवाज शांत होता. "तुम्ही आलात, माझ्या नोकरीचं चीज झालं."

बाईंना वाटलं भाषा घसरली. "कोण आलं?"

"तुम्ही हो! गाडीतून उतरून काहीतरी बोललात, मी आवाजावरून ओळखलं. एकोणीस वर्षं ऐकतोय, मला नाही कळणार? मी विचारलं, 'फोनवरच्या बाई त्या तुम्हीच ना?' तुम्ही आधी नुसत्या बघत राहिलात. मग हो म्हणालात."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. दोघी बहिणींचा आवाज सारखा, लहानपणापासून. फोनवर आईसुद्धा फसायची. म्हणजे हेसुद्धा घेतलंस तू? यादीतलं नाव घेतलंस, सोबतीची जागा घेतलीस. एक म्हातारा उरला होता माझा, त्याच्यापुढेही मीच होऊन उभी राहिलीस! डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, चक्क रागाचं.

"बाकीची मंडळी दहा मिनिटांत वर गेली," तो सांगत होता. "तुम्ही तासभर बसलात. स्टुलावर. त्या मुलींसमोर. किती रडलात! मी म्हटलं, काय झालं? तर म्हणालात, पुस्तकात हा कोपरा काळा पडला होता. इथे दिसतंय, मोठीचा हात उघडा आहे. तिने बदक सोडून दिलंय."



सोडून दिलं म्हणे, बाईंच्या मनात आलं. छोटीने हिसकावलं असेल. पण पुस्तक तिला आठवत होतं तर. कोपऱ्याच्या काळ्या डागासकट आठवत होतं, आणि या टेबलासमोर बसून "मला काय आठवणार" म्हणाली होती, लबाड कुठली.

"बाई? आहात ना?"

ती मी नव्हते, एवढंच सांगायचं होतं. खरं होतं, हक्काचं होतं, आणि त्या भाषेत चार शब्दांचं होतं. तिकडे एक म्हातारा किल्ली देऊन मोकळा झाला होता आणि घरी निघाला होता.

"आहे," बाई म्हणाल्या. "हो, मीच होते. दिवा चांगला लावला होतात तुम्ही. सगळं दिसलं."

"तुम्हाला दिसलं ना? मग झालं. आणि पाय कसा आहे?"

"पाय?"

"विसरलात? शेवटच्या पायरीवर मुरगळला नव्हता का? तुटकीच आहे ती. मी हात धरला म्हणून, नाहीतर पडला असतात."

"बरा आहे आता," बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. समोरच्या टेबलावरची नवी मुलगी, जिच्याकडे आता तो देश जाणार होता, मान वर करून बघत होती. "नकाशेबाई, तुम्ही गेला होतात तिथे? मला वाटलं, कधीच..."

"इकडे ये," बाई म्हणाल्या.

त्यांनी दगडाचं बदक बाजूला केलं, चौदा रकान्यांचा कागद तिच्याकडे फिरवला आणि नवव्या दिवसाखाली, जिथे सव्वीस वर्षं 'पायऱ्या अठ्ठावीस' एवढंच माहीत होतं, तिथे पेन्सिलीने लिहिलं: 'शेवटची तुटकी आहे. उतरताना हात धरावा.'