चार की आठ

क्लचचं झाकण निघालं आणि त्याबरोबर एका बोल्टचं तुटकं डोकं टपकन तेलाच्या ट्रेमध्ये पडलं. मिस्त्रींनी ते उचललं, फडक्याला पुसलं आणि मुठीत धरलं.

“सापडलं का मामा?” स्टुलावर बसलेल्या नर्सबाईंनी विचारलं.

काल भर दुपारी चढावर त्यांची मोटारसायकल नुसतीच ओरडत राहिली, पुढे सरकेना. वरच्या वस्तीत एक बाई अडली होती. नर्सबाई पिशवी खांद्याला अडकवून तासभर चढ चढल्या.

“तिचं काय झालं?”

“झाली मोकळी. दोघंही सुखरूप आहेत. पण मी दारात पोचले आणि बाळ आलंच. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर...”

गेल्याच महिन्यात मिस्त्रींनी या गाडीच्या क्लचप्लेटा बदलल्या होत्या. जुने बोल्ट झिजले होते, म्हणून चारही नवे घातले होते. जाडी, लांबी, आटे सगळं बोटांनी पारखून घेतलं होतं. चाळीस वर्षं बोटांनी कधी दगा दिला नव्हता. पण लोखंडाचा दम बोटांना कळत नाही. तो डोक्यावर कोरलेल्या बारीक आकड्यात असतो.

“जरा वाचता का, काय लिहिलंय?” त्यांनी मूठ उघडली.

“चार पॉइंट आठ.”

“परत वाचा.”

“चारच आहे मामा. का?”

हल्ली माल चांगला येत नाही, हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“इथे आठ पॉइंट आठ लागतो. मी चाराला आठ समजलो. चूक माझी आहे, बाई. मला दिसत नाही.”

“अहो, मग चष्मा घ्या की!”

“डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, आतला पडदाच गेलाय, याला नंबर नसतो. घरात अजून बोललो नाही.”

नर्सबाईंनी रोजच असल्या गोष्टी ऐकलेल्या. त्यांनी हळहळ केली नाही. “चला, मी वाचते,” म्हणत त्या उठल्या.

कोपऱ्यावरच्या नटबोल्टवाल्याने चकचकीत बोल्ट पुढे केले. “हे न्या, जन्मात गंजणार नाहीत.”

“तेलात बसायचंय त्यांना, गंजतील कशाला? चमक नको, दम हवा.”

दुसरे निघाले, ते दोन आटे लांब होते. “हे तळाला टेकतील आणि स्प्रिंग ढिली राहील.” तिसऱ्यांचं डोकं उंच होतं, ते झाकणाला घासलं असतं. चौथ्या पुडीतले त्यांनी जुन्याशेजारी ठेवून अंगठ्याने चाचपले आणि एकेक नर्सबाईंच्या हातावर ठेवला.

“आठ पॉइंट आठ. आठ पॉइंट आठ. यावर काहीच नाही.”

“तो परत द्या.”

चार बोल्ट पुरे होईपर्यंत त्यांनी सहा वाचून घेतले. आपल्या दुकानात परत येऊन मिस्त्रींनी समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले, झाकण लावलं, तेल भरलं. नर्सबाई समोरच्या चढावर एक फेरी मारून आल्या.

“एकदम झकास! मामा, घरी मात्र सांगा हं.”

“आजच सांगतो.”

त्या गेल्या आणि शाळेतले मास्तर गाडी ढकलत आले. “मिस्त्री, ब्रेक अजिबात लागत नाहीत. बघता जरा?”

मिस्त्रींनी हात पुसले आणि रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बोट केलं. “त्याच्याकडे न्या. काम चोख करतो तो.”

मास्तरांना नवल वाटलं. त्या गॅरेजवाल्याबद्दल चांगला शब्द मिस्त्रींच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

“आणि मागचं चाक बसलंय, ते?”

“ते राहू द्या. ते करतो मी.”

त्यांनी ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि गालाला पाणी लावून, डोळे मिटून ती गालाजवळून सावकाश फिरवू लागले. अर्ध्यावर येताच गालाला बारीकशी, गार झुळूक लागली. त्यांनी तिथे बोट ठेवलं.