सत्तर जणांतल्या जयंतीबाई

जयंती सबनीसांच्या खुब्यात बसवलेला धातूचा सांधा झिजून त्याचे कण रक्तात उतरत होते. कॅनडाभर असे एकवीसशे रुग्ण निघाले आणि सगळ्यांनी मिळून कंपनीवर दावा लावला. प्रत्येकाचं ऐकायचं तर निकाल बघायला निम्मे उरले नसते, म्हणून न्यायाधीशांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी सत्तर नावं काढायला लावली. या सत्तरांची वकिलांपुढे तपासणी व्हायची आणि त्यांच्या भरपाईची सरासरी सगळ्यांना लागू व्हायची.

रेजिना शहरात तीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलेल्या जयंतीबाईंना हे पटलं. त्यांचं नाव निघालं, तेव्हा त्या रिपोर्ट जुळवायला बसल्याही.

आठवड्याभरात रिचमंड हिलहून यजमानांचे जुने मित्र शशिकांत पाटणकर यांचा फोन आला. त्यांच्याही खुब्यात तोच सांधा होता. जयंतीबाईंचे यजमान वारल्यापासून पाटणकरांनी एकदाही चौकशी केली नव्हती.

"वहिनी, तपासणीला वॉकर घेऊन जा."

"मी वॉकर वापरत नाही."

"त्या दिवशी वापरा हो. सत्तरांतल्या एकेकामागे आम्ही तीस जण आहोत. थोडं रडलात तर काय बिघडतं?"

"तुम्हाला कितपत त्रास आहे?"

"मला? मी गोल्फ खेळतो. पण मला कोण विचारतंय!" ते खो खो हसले.

जयंतीबाईंना किळस आली. नंतर आणखी तिघांचे तसेच फोन आले.

तपासणीत कंपनीच्या वकिलाने लॅपटॉप वळवला. जयंतीबाई घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना, म्हणजे शोव्हल करताना, दिसत होत्या. कुणीतरी गाडीतून चोरून टिपलं होतं.

"या तुम्हीच ना?"

"मीच. पुढचं दाखवा."

"व्हिडिओ इथेच संपतो."

"नंतर मी बर्फातच बसले. शेजारणीने उचलून आत नेलं. तुमचा माणूस ते नुसता बघत होता का?"

वकिलाने लॅपटॉप मिटला. बाहेर आल्यावर त्यांचा स्वतःचा वकील कुजबुजला, "शोव्हलिंग कबूल करायला नको होतं."

त्याच संध्याकाळी त्यांनी कोर्टाला पत्र लिहिलं: चौघांनी मला नाटक करायला सांगितलं, बाकीच्या एकोणसत्तरांनाही विचारा. वकिलाने "पाठवू नका" म्हटलं; त्यांनी पाठवलं. पत्र मिळालं, एवढंच एका ओळीचं उत्तर आलं. सरासरी ठरली, त्याप्रमाणे सगळ्यांना भरपाई वाटली गेली.

दिवाळीच्या पॉटलकला, ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याच दाव्यातले एक गृहस्थ जवळ आले. "वकिलांकडून कळलं, कोर्टाला गेलेलं ते पत्र तुमचंच ना? आमचं सगळं बुडालं असतं."

"बुडायला हवं होतं," जयंतीबाई म्हणाल्या. अन्नावरची वासनाच गेली होती. भरलेलं ताट तसंच ठेवून त्या कोट घ्यायला गेल्या.